भिंतीतला इनास

गोराईत एथेलला कुणी 'बिचारी' म्हणत नाही, कारण तशी संधीच ती कुणाला देत नाही. बोरिवलीला दातांच्या एका डॉक्टरणीकडे ती मदतनीस आहे आणि तिथे इतकी मुरली आहे की पेशंट डॉक्टरणीला कमी आणि एथेललाच जास्त वचकून असतात. रोज सकाळी होडीने खाडी ओलांडून जायचं, संध्याकाळी पुन्हा ओलांडून यायचं. लग्न केलं नाही. का केलं नाही असं विचारणाऱ्या बायकांना ती उलट विचारायची, "तुम्ही करून काय दिवे लावले?" त्यामुळे पन्नाशी उलटेपर्यंत तो विषय गावाने सोडून दिला.

पण दर रविवारी मिस्सा संपला की ही फटकळ बाई चर्चमागच्या दफनभूमीत जायची आणि भिंतीसमोर अर्धा तास गप्प उभी राहायची. तिच्या आधी तिची आई मार्था तिथे उभी राहत आलेली. गावची दफनभूमी लहान आणि मरणाऱ्यांना तर काही सुमार नाही. म्हणून माणूस पुरला की काही वर्षांनी कबर दुसऱ्यासाठी मोकळी करतात, हाडं काढून पेटीत भरतात आणि पेटी भिंतीतल्या कप्प्यात ठेवतात. एका घराचा एक कप्पा. कप्प्यावर संगमरवराची चौकोनी फरशी, फरशीवर नाव. तिसऱ्या ओळीत उजवीकडे 'इनास' असं लिहिलेला कप्पा होता. तो एथेलचा बाप.

एथेलने बापाला कधी पाहिलं नाही. एकाहत्तरच्या लढाईत तो समुद्रावर मेला तेव्हा ती मार्थाच्या पोटात होती. इतर पोरींचे बाप दारू पिऊन यायचे, बायकांना बडवायचे, जत्रेला पोरांना खांद्यावर घ्यायचे. एथेलचा बाप भिंतीत राहायचा आणि तिला त्यात लहानपणी काही वावगं वाटलं नाही. मार्था पदराने फरशी पुसायची आणि त्याच्याशी बोलायची. बोंबलांचा भाव पडला, छप्पर गळतंय, पोरगी गणितात नापास झाली, सगळं त्याला सांगायची. एकदा एथेलने विचारलं होतं, तो काही बोलतो का. मार्था म्हणाली, "जिता होता तेव्हा पण जास्त बोलत नव्हता."

खरंच नव्हता. इनास कुठून आला हे गावात कुणालाच नीट माहीत नव्हतं. तरणाताठा असताना कैतान तांडेलाच्या होडीवर खलाशी म्हणून लागला, मार्था त्याला आवडली, लग्न करून सासूच्याच घरात राहिला. काळा, बुटका, हसरा, एवढं मार्था सांगायची. गावाचं नाव विचारलं तर "वर, उत्तरेकडं" म्हणायचा आणि विषय बदलायचा. लग्नाला त्याच्याकडचं कुणी आलं नाही. होडीवरचा त्याचा जिवलग मात्र होता, वेसाव्याचा गुणाजी. तो हिंदू कोळी, हा किरिस्ताव, पण होडीवर दोघं एका ताटात जेवायचे.

त्या डिसेंबरात लढाई लागली आणि किनाऱ्यावर हुकूम आला की दिवे लावायचे नाहीत, होड्या बाहेर काढायच्या नाहीत. हुकूम काढणाऱ्यांना काय, त्यांची जाळी थोडीच पाण्यात होती. समुद्राच्या तळात रोवलेल्या खुंटांना बांधलेली डोल जाळी तशीच ठेवली तर पाण्याची ओढ तिच्या चिंध्या करते. कैतान तापाने फणफणला होता, म्हणून त्याचा भाऊ लॉरेन्स, इनास आणि गुणाजी असे तिघंच पहाटे जाळी काढायला गेले. थोड्या वेळाने पाण्यावर एक दणका झाला. आपल्यांचा की त्यांचा, गोळा की सुरुंग, हे तेव्हा कळलं नाही आणि पुढेही कुणी सांगितलं नाही. फळ्यांचे तुकडे आले. बऱ्याच दिवसांनी वाळूवर एक मढं आलं.

तोंड ओळखण्यासारखं उरलंच नव्हतं आणि होडीवरच्या माणसांना रोज बघणारा कैतान अजून अंथरुणातच होता. पण गळ्यात मदर मेरीचा बिल्ला होता. लग्नात मार्थाने इनासला घातलेला, मागे तांब्याचं ठिगळ असलेला. म्हणजे गुणाजी नव्हे. लॉरेन्स ताडमाड उंच, मढं बुटकं. म्हणजे इनासच. गावाने हिशेब जमवला आणि तो कुणालाही पटावा असाच होता. मार्थाने मढ्याला आंघोळ घातली. डाव्या हाताची करंगळी नव्हती, ती माशांनी खाल्ली असं सगळे म्हणाले. समुद्रावर जगणाऱ्या माणसांना मासे मेलेल्या अंगाचं काय करतात हे पक्कं ठाऊक असतं, त्यामुळे त्यावर कुणी दुसऱ्यांदा विचारही केला नाही. उजेड असेतो फादरनी घाईघाईने पुरलं. बिल्ला मार्थाने काढून घेतला आणि पुढे एथेलच्या गळ्यात घातला.

मार्था म्हातारी होऊन अंथरुणाला खिळली तेव्हा तिने दोन गोष्टी मागितल्या. एक, माझी हाडं त्याच्याच पेटीत ठेव. दुसरी, "त्याच्या माणसांना शोध गं. कुणीतरी आई असेल, भाऊ असेल. त्यांना सांग, तो इथं आहे, वाऱ्यावर पडलेला नाही."

पहिलं एथेलने केलं. आईची कबर मोकळी करायची वेळ आली तेव्हा खणणाऱ्याने हाडं काढून दिली. कप्पा उघडला तर बापाची पेटी गंजून तळ गेलेला आणि आतलं बरंचसं भुगा झालेलं. एथेलने नवी पेटी आणली होती. तिने स्वतःच्या हाताने दोघांना एकत्र घातलं, लहान तुकडे वाया जाऊ नयेत म्हणून जुनी पेटी उलटी करून झटकली, नव्या पेटीचं झाकण बसेना तेव्हा पेटी हलवून आतलं सारखं केलं. फरशीवर इनासखाली मार्थाचं नाव कोरून घेतलं. त्या दिवशी घरी येऊन तिने कोळंबीचं कालवण केलं, पोटभर जेवली. आयुष्यात एक काम आपण अगदी बरोबर केलं असं तिला वाटलं. इतकं समाधान तिला पुन्हा कधी मिळालं नाही.

दुसरं काम अवघड होतं. डॉक्टरणीकडून सुट्ट्या घेऊन ती वसईच्या पट्ट्यातली गावं धुंडाळत फिरली, अर्नाळ्याच्या पुढेही जाऊन आली. साठ-पासष्टच्या सुमाराला घर सोडून गेलेला इनास नावाचा पोरगा तुमच्यात कुणी होता का, हा एकच प्रश्न. आता या किनाऱ्यावर इनास काही कमी नाहीत. एका गावात तिला तीन मिळाले, त्यातले दोन अजून जिवंत. एका घरात म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं, "आमचाच तो," असं तो म्हणाला, पण आतून त्याचा मुलगा आला आणि त्याने थेट विचारलं, "जमिनीत वाटा मागायला आलात का?" म्हातारा लगेच म्हणाला की आमचा इनास उंच होता. एथेल पाण्याचा पेला खाली ठेवून उठली. रस्त्यावर येऊन तिने त्या घराला इतक्या शिव्या घातल्या की रिक्षावाल्याने मीटरपेक्षा कमी पैसे घेतले.

वर्षभर असं फिरून हाती काहीच लागलं नाही. तिचाही जीव आता थकत चालला होता. आपण मेलो की आपल्याला पुरायला कोण येणार, हा विचार पूर्वी कधी यायचा नाही, तो आता होडीत बसल्या बसल्या येऊ लागला. बापाचं कुणी सापडलं तर आपलंही कुणी असेल, हे तिने मनातल्या मनात सुद्धा कधी मोठ्याने म्हटलं नव्हतं. पण शोध खरा त्यासाठीच चालला होता. आईचं नाव नुसतं पुढे केलेलं.

शेवटी तिला गुणाजी आठवला. तो तर गेलाच, पण जिवलगाने आपल्या घरी कधीतरी सांगितलं असेल, इनास अमक्या गावचा. एका रविवारी ती मनोरीहून फेरीबोटीने मार्व्याला, तिथून बसने मढला आणि पुन्हा फेरीने वेसाव्याला उतरली. गुणाजीचं घर विचारलं तर एक बाई म्हणाली, "शेवंतीचं ना? ती काय, दारातच बसलेली असते."

दारात एक सत्तरी ओलांडलेली म्हातारी पाटावर बसून सुका जवळा निवडत होती. पायरीपासून खाडीचं तोंड सरळ दिसत होतं. तिच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, हातात हिरव्या बांगड्या. एथेल पायरीखालीच थबकली. म्हणजे गुणाजी त्या दिवशी वाचला होता की काय? हा माणूस इतकी वर्षं वेसाव्यात होता आणि आपण वसईला उन्हातान्हात तडफडत फिरत होतो?

"मावशी, गुणाजीकाका आहेत का घरात?" तिने विचारलं.

शेवंतीने वर पाहिलं. "अजून आयला नाय," ती म्हणाली. "बस. कुठून आयलीस?"

आतून एक टक्कल पडत आलेला माणूस बाहेर आला. हा तिचा मुलगा राजेश, अंधेरीच्या एका शाळेची बस चालवणारा, एथेलपेक्षा वर्षा-दीड वर्षाने मोठा. आईच्या पाठीमागून त्याने एथेलला हाताने खूण केली, जाऊ दे, विचारू नकोस. एथेलला ती खूण फार उशिरा कळली.

आपण इनासची मुलगी, हे एथेलने सांगितल्यावर शेवंतीने चहा टाकायला लावला. ती आनंदाने बोलू लागली. बोलायला नवीन माणूस मिळालं म्हणून असेल. होडी फुटली हे खरं, पण गुणाजी पोहण्यात पटाईत. त्याला त्या लोकांनी उचललं आणि त्यांच्या जेलात टाकलं. आपली किती पोरं तिकडच्या जेलात वर्षानुवर्षं असतात, सुटून येतात. टीव्हीवर दाखवतात तेव्हा ती जवळ जाऊन बसते.

"तोंडं मी बगतच नाय," शेवंती म्हणाली. "तोंड काय, माणूस म्हातारा झाला की बदलतं. मी हात बगते. डाव्या हाताला करंगळी नाय त्याची. लहानपणी होडीच्या नांगराच्या दोरात सापडून जेली. हात बगला की मना लगेच कलंल."

एथेल हातातल्या बशीकडे बघत राहिली. करंगळी नसलेली माणसं जगात पुष्कळ असतील, असं ती स्वतःला सांगत होती. होडीवर काम करणाऱ्यांत तर दर दहात एक. चहा ठेवायला ती वाकली आणि गळ्यातला बिल्ला ब्लाउजबाहेर आला.

"अगो, हा," शेवंती म्हणाली आणि हात पुढे करून तिने बिल्ला उलटा केला. तांब्याच्या ठिगळावरून तिने अंगठा फिरवला. "हाच तो. याच्यावरून मी किती भांडले हाय नवऱ्याशी."

मग तिने ते सांगितलं, हसत हसत सांगितलं. खुंटात जाळं अडकलं की सोडवायला बुडी गुणाजीच मारायचा, त्याचा दम मोठा. इनासला फार भीती वाटायची. म्हणून गुणाजी पाण्यात उतरायच्या आधी इनास आपल्या गळ्यातला बिल्ला काढून त्याच्या गळ्यात घालायचा आणि तो वर आला की परत घ्यायचा. एकदा परत द्यायचं विसरून गुणाजी तसाच घरी आला. घरात एकवीरेचा देव्हारा आणि गळ्यात किरिस्तावांची मेरी. शेवंतीने अकांडतांडव केलं. गुणाजी म्हणाला, खाली पाण्यात काळोख असतो गं, कुणाचा तरी हात धरलेला बरा. पण माझ्या बायकोला सांगू नकोस असं इनासने त्याला बजावलं होतं, तिने प्रेमाने दिलेला बिल्ला दुसऱ्याच्या गळ्यात जातो हे तिला आवडणार नाही.

"मंग हा परत मिलाला म्हणायचा तुझ्या बापाला," शेवंती म्हणाली. "बरं झालं. त्याचं मढं सापडलं असं कानावर आयलेलं. तुझी आय नशिबाची. बगायला तरी मिलालं."

जाळी काढायची म्हणजे बुडी मारणं आलंच. त्या पहाटेही गुणाजीने मारली असणार आणि तो वर येतोय न येतोय तोच दणका झाला असणार. एथेलला हे सगळं एका क्षणात दिसलं आणि दिसल्यावर पुसता येईना. मार्थाने आंघोळ घातली ती या बाईच्या नवऱ्याला. छप्पर गळतंय हे मार्था याला सांगत होती. जन्मभर ज्याची फरशी आपण पुसली, तो आपला कुणीच नव्हता.

"माझा बाप कुठल्या गावचा, ते काकांनी कधी सांगितलं होतं?" तिने कसंबसं विचारलं.

"नाय गो. मना काय म्हायती."

धक्क्यापर्यंत राजेश सोडायला आला. त्याने माफी मागितल्यासारखं सांगितलं की आईचं असंच आहे. काकांनी, आत्यांनी किती समजावलं, पण तिने बारावं घालू दिलं नाही. त्याच्या लग्नात बापाचा पाट मांडून ठेवला होता. शेवंतीला चांगलं स्थळ आलं होतं, माणूस बिजवर होता पण भला होता, पोराला सांभाळायला तयार होता. तिने त्याला हाकलून लावलं, माझा नवरा यायचाय म्हणून. "आम्ही कधी धड रडलो पण नाही, यार," राजेश म्हणाला. "रडायला लागलो की ती मारायची."

तेव्हा एथेलने त्याला सांगितलं. गप्प बसता आलं असतं, दुसरं कुणी तिच्या जागी असतं तर कदाचित बसलंही असतं. पण कुणाच्या नवऱ्याला आपल्या भिंतीत ठेवून पुन्हा रविवारी तिथे जाऊन उभं राहणं तिला जमणार नव्हतं. तिने मढ्याची करंगळी सांगितली, बिल्ला सांगितला, उंची सांगितली. फेरी येऊन लागली आणि सुटली.

"म्हणजे तुम्ही माझा बाप पुरलात," राजेश अखेर म्हणाला.

"हो."

"आणि कुणी सांगायला आलं नाही."

"कुणाला माहीतच नव्हतं रे. आईला तर नाहीच."

"ठीक आहे," तो म्हणाला. त्याचा आवाज शाळेच्या पोरांशी बोलावं तसा सावकाश झाला होता. "मग हाडं दे. मी अग्नी देतो, समुद्रात सोडतो. आईला सांगायचं ते मी बघतो. तू फक्त हाडं दे."

एथेलने सांगितलं की पेटी एकच आहे. जुनं सगळं भुगा झालं होतं, तुकडे झाले होते, आणि तिने ते आईच्या हाडांत ओतलं, हलवलं, सारखं केलं. कुठला तुकडा कुणाचा ते आता तिला सांगता येणार नाही.

राजेशला आधी ते समजलंच नाही. समजलं तेव्हा तो एकदा विचित्र हसला. "मग काय, तुझ्या आईला पण जाळू? कुणाला विचारून?" तो म्हणाला. मग तो तिथेच धक्क्याच्या कठड्याला टेकून बसला आणि आईने मारल्यामुळे इतकी वर्षं जे राहून गेलं होतं ते रडला. एथेल बाजूला उभी होती. तिला त्याच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, पण आपण या माणसाच्या कोण, हे तिला कळेना. ती पुढच्या फेरीने निघून आली.

त्यानंतर काही रविवार ती दफनभूमीत गेली नाही. फादर तरुण होते, नवे होते. त्यांनी समजूत घातली की देवाला सगळ्यांची नावं ठाऊक आहेत, प्रार्थना बरोबर माणसाला पोहोचते. "फादर, पत्ता चुकला की पार्सलसुद्धा परत येतं," एथेल म्हणाली, "इथं कुणी परत पण पाठवलं नाही."

रात्री डोळे मिटले की तिला आई दिसायची, पदराने फरशी पुसणारी. आईची तिला कीव यायची आणि मग त्या किवेचाच राग यायचा. आणि इनास? तो तर पहिल्या दिवसापासून पाण्याखाली होता, खुंटांच्या मधे कुठेतरी. त्याच्यासाठी मेणबत्ती लागली नाही, त्याच्या नावाने जे काही झालं ते दुसऱ्याला मिळालं. वाऱ्यावर पडलेला नाही, असं आई म्हणाली होती. वाऱ्यावरसुद्धा नाही, त्याहून खाली.

नोव्हेंबरच्या दोन तारखेला, सगळ्या मेलेल्यांच्या दिवशी, गाव दफनभूमीत जमतं. फुलं, मेणबत्त्या, प्रत्येक घर आपापल्या कबरीपाशी, आपापल्या कप्प्यापाशी. एथेल गेली कारण निदान आई तरी तिथे होती. तिसऱ्या ओळीसमोर ती उभी होती आणि फाटकातून राजेश आत आला. त्याचं डोकं भादरलेलं होतं. त्याचा हात धरून शेवंती येत होती. कपाळ कोरं, मनगटं मोकळी. बांगड्या होत्या तिथली कातडी फिक्की पडली होती.

राजेशने हळू आवाजात सांगितलं की बापाच्या जागी दर्भाचा पुतळा जाळून सगळं उरकलं. आईनेच कर म्हणून सांगितलं. ऐकल्यावर ती ओरडली नाही, काही नाही. दोन दिवस जेवली नाही आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, बोलाव सगळ्यांना.

"कुठला?" एवढंच शेवंतीने एथेलला विचारलं. एथेलने दाखवला. म्हातारीने फरशीवर तळहात टेकला. तिला वाचता येत नव्हतं, तरी अक्षरांवरून तिने बोट फिरवलं. आपल्या नवऱ्याचं नाव कुठलं, असं तिने विचारलं नाही, आणि एथेलने आपण होऊन सांगितलं नाही.

"तुझी आय यायची इथं?"

"दर रविवारी."

"काय बोलायची त्याच्याशी?"

एथेलने सांगितलं. छप्पर, बोंबलाचा भाव, गणित. शेवंती ऐकत राहिली. "माझं यातलं काय पण नाय ऐकलं त्यानं," ती म्हणाली. "राजेशला टायफाइड झाला तवा मी समिंद्राकडं तोंड करून सांगायचे. हा इथं बसलेला, हिचं ऐकत."

ती रागाने बोलली असती तर एथेलला सोसलं असतं. तिचा आवाज नुसता दमलेला होता. पलीकडे फादर पवित्र पाणी शिंपडत पहिल्या ओळीपर्यंत आले होते. लोक मेणबत्त्या हाताने झाकून उभे होते.

"आनी तुझा बाप?" शेवंतीने विचारलं.

"नाय मिळाला. त्याची माणसं पण नाय मिळाली."

म्हातारीने मान हलवली. "वाट बगू नको," ती म्हणाली. "मी बगितली. माणूस त्यात कायच दुसरं करत नाय."

वाट बघायची तरी कुणाची, हे एथेलला त्याच वेळी सुचलं. बापाचा फोटो नाही. काळा, बुटका, हसरा, असे तर गोराईत पाचपन्नास मेले असतील. त्याच्या वेळचे गोराईतले सगळे कधीच गेले होते; त्याला डोळ्यांनी पाहिलेलं माणूस आता तिच्या माहितीत एकच उरलं होतं आणि ते तिच्यासमोर उभं होतं. तिने म्हातारीचा मोकळा हात धरला. असा कुणाचा हात धरायची तिला सवय नव्हती.

"मावशी, तुम्ही बघितलंय ना त्याला? तो तुमच्या घरी यायचा ना? दिसायला कसा होता?"

शेवंतीने डोळे मिटले. ती मनापासून प्रयत्न करत होती, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. ओठ हलले, कपाळाला आठ्या पडल्या.

"यायचा," ती म्हणाली. "दोनतीनदा जेवून जेला. ओसरीवर बसायचा, गुणाजीच्या बाजूला." मग तिने डोळे उघडले. "मना नाय आठवत गो पोरी. मी माझ्या नवऱ्याकडं बगायचे."

एथेलने हात सोडला नाही. फादर तिसऱ्या ओळीशी आले, त्यांनी फरशीवर पाणी शिंपडलं आणि इनास आणि मार्था यांच्या आत्म्यांना शांती मिळो असं म्हटलं. आजूबाजूच्या लोकांनी आमेन म्हटलं. त्या दोघी गप्प होत्या.